गणित-विज्ञानाच्या तासाला इंटरनेट: नव्या शिक्षकांसाठी

यंदा शाळेत नव्याने रुजू झालेल्या दोन शिक्षकांनी एकाच आठवड्यात मला एकच प्रश्न विचारला. वर्गात स्मार्ट बोर्ड आहे, शासनाच्या कोडिंग-रोबोटिक्स योजनेमुळे लॅबमध्ये संगणक आहेत, मोबाईल तर खिशातच आहे. पण आठवीच्या तासाला या सगळ्याचं नेमकं करायचं काय? मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवतो. त्या दोघांना स्टाफरूममध्ये तुकड्यातुकड्याने जे सांगितलं, ते इथे सलग लिहितो आहे.

आधी प्रश्न ठरवा, मग साईट शोधा

नवा शिक्षक बहुतेक वेळा उलटं करतो. आधी व्हिडिओ शोधतो, आवडला की दाखवतो, आणि मग त्याला धड्यात कुठे बसवायचं ते बघतो. मीही तसंच केलं होतं. विद्युत परिपथावर बारा मिनिटांचा एक सुंदर व्हिडिओ सापडला, तो दाखवला. मुलं चिडीचूप बसून बघत होती. आठवड्याने चाचणीत विचारलं, दोन बल्ब एकसर जोडणीत लावले तर प्रकाशाचं काय होईल? वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं की पहिला बल्ब जास्त पेटेल आणि दुसरा मंद, कारण पहिला करंट खाऊन टाकतो. व्हिडिओत याचं उत्तर स्पष्ट दिलेलं होतं. मुलांनी ते पाहिलंही होतं. पण त्यांच्या डोक्यात आधीपासून बसलेल्या कल्पनेला कुणी हात घातला नव्हता.

म्हणून पहिली पायरी कागदावरची. धडा उघडा आणि एक वाक्य लिहा: या धड्यात मुलं नेमकी कुठे अडतात? दुसरं वाक्य: ते फळ्यावर किंवा हातातल्या वस्तूंनी दाखवता येईल का? येत असेल तर इंटरनेटची गरज नाही. लिंबाचा रस आणि सोडा एकत्र करून जे दिसतं, ते कुठल्याही स्क्रीनपेक्षा चांगलं दिसतं. जे डोळ्यांना दिसत नाही, जे फार मोठं, फार लहान, फार मंद किंवा फार दूर आहे, तिथेच स्क्रीन लावा.

सिम्युलेशन: अंदाज वहीत लिहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही

सुरुवातीला एकच साधन शिकायचं असेल तर फेट (PhET) शिका. ही सिम्युलेशनची, म्हणजे स्क्रीनवर करून बघायच्या आभासी प्रयोगांची साईट आहे. अमेरिकेतल्या कोलोराडो बोल्डर विद्यापीठात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. सगळं मोफत आहे, लॉगिन लागत नाही, आणि बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत.

वर सांगितलेल्या बल्बच्या धड्यासाठी मी आता काय करतो ते सविस्तर सांगतो, कारण हाच साचा बाकी सगळीकडे चालतो. विद्युत परिपथाचं सिम्युलेशन उघडायचं. एक बॅटरी, एक बल्ब, तारा. बॅटरी ९ व्होल्ट आणि बल्बचा रोध १० ओहम ठेवला की करंट मोजणारा ॲमीटर ०.९० ॲम्पियर दाखवतो. इथे थांबायचं. आता वहीत प्रत्येकाने लिहायचं: याच परिपथात आणखी एक तसाच बल्ब पुढे जोडला तर पहिल्या बल्बचं काय होईल, दुसऱ्याचं काय होईल, ॲमीटर किती दाखवेल? तीन मिनिटं पूर्ण शांतता. मग हात वर करून मतं मोजायची आणि आकडे फळ्यावर लिहायचे. “सर, पयलो बल्ब चड पेटतलो,” असं ठामपणे सांगणारा कुणीतरी असतोच. त्यालाच पुढे बोलवायचं आणि दुसरा बल्ब त्याच्याच हाताने जोडायला लावायचा.

दोन्ही बल्ब सारखेच मंद होतात. ॲमीटर ०.४५ दाखवतो. मग तो ॲमीटर दोन बल्बच्या मधे लावायचा, नंतर दुसऱ्या बल्बच्या पलीकडे. सगळीकडे ०.४५. करंट कुणीच खाल्लेला नाही. त्यानंतर समांतर जोडणी: आधी पुन्हा अंदाज, मग प्रयोग, आणि बॅटरीजवळचा ॲमीटर १.८० वर जातो. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात, स्क्रीन त्यातली जेमतेम सात-आठ मिनिटं वापरली जाते. उरलेल्या वेळात खरे सेल आणि टॉर्चचे बल्ब टेबलावर आणा. खरे बल्ब सिम्युलेशनइतके तंतोतंत वागत नाहीत, तारेची जोडणी सैल असते, सेल उतरलेला असतो. तो फरक का पडला हे मुलांना शोधू द्या. माझ्या मते त्या धड्यातली सगळ्यात मोलाची दहा मिनिटं तीच.

गणितात जिओजेब्रा, पण कंपासपेटीनंतर

भूमितीसाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. तेही मोफत. क्रम मात्र सांभाळा: आधी प्रत्येक मुलाने कंपास आणि कोनमापक घेऊन वहीत स्वतःचा त्रिकोण काढायचा, कोन मोजायचे. कुणाची बेरीज १७८ येते, कुणाची १८१. मग स्क्रीनवर एक त्रिकोण काढून त्याचा शिरोबिंदू इकडेतिकडे ओढायचा. हजार त्रिकोण डोळ्यांसमोरून जातात आणि बेरीज हलत नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम करून बघा. कोन पूर्णांकात दाखवायची सेटिंग ठेवा आणि ३३.४, ७३.४, ७३.२ अशा मापांचा त्रिकोण बनवा. स्क्रीनवर ३३, ७३ आणि ७३ दिसतील. बेरीज १७९! वर्गात एकदम गडबड उडते. मग एक दशांश स्थळ दाखवायला लावा. आसन्न किंमत म्हणजे काय, हे पाचवीपासून शिकवूनही जे पोहोचत नाही ते त्या एका मिनिटात पोहोचतं. शिवाय संगणक दाखवतो तेही तपासून घ्यायचं असतं, हे मुलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. आणि हेही सांगा की हजार त्रिकोण पाहिले म्हणजे सिद्धता झाली नाही. सिद्धता फळ्यावरच होते, समांतर रेषा काढून.

मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्या मुलांसाठी

हा आपल्या गोव्यातला खास प्रश्न आहे, आणि बाहेरची कुठलीही मार्गदर्शिका याबद्दल बोलत नाही. आपल्याकडे कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात येतात. घरी कोकणी. ज्या मुलाला अंश आणि छेद पक्के येत होते, त्याला न्यूमरेटर-डिनॉमिनेटर ऐकल्यावर वाटतं की हे काहीतरी नवंच आहे. लसावि आणि मसावि तोंडपाठ असलेली मुलगी एलसीएम शब्दापाशी गप्प होते. तिला गणित येत नाही असा शेरा मारून आपण मोकळे होतो. अडलेलं असतं ते फक्त नाव.

यासाठी इंटरनेट फार कामाचं आहे. फेटचं एखादं सिम्युलेशन आधी मराठीत उघडा, पाच मिनिटं वापरू द्या, मग तेच इंग्रजीत उघडा. चित्र तेच, बटणं तीच, फक्त शब्द बदललेले. मुलं आपोआप जोड्या लावतात. संकल्पना समजावून घ्यायला मराठी विश्वकोश ऑनलाइन उपलब्ध आहे. त्यातली भाषा शिक्षकासाठी आहे, आठवीच्या मुलासाठी जड पडते, पण तास घेण्याआधी तुम्ही ती नोंद वाचलीत तर समजावताना शब्द अडत नाहीत. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून बनवायच्या विज्ञान खेळण्यांचे छोटे व्हिडिओ आणि मराठी पुस्तकं मोफत मिळतात. पाचवी ते सातवीला त्याहून चांगलं काही मला अजून सापडलेलं नाही.

एक सावधगिरी. ऑनलाइन मराठी भाषांतरात शब्द वेगवेगळे असतात. रिफ्लेक्शनला परावर्तन आणि रिफ्रॅक्शनला अपवर्तन हे ठीक, पण कधी अपवर्तनाच्या जागी वक्रीभवन दिसतं. वर्गाच्या मागच्या भिंतीवर शब्दांचा तक्ता लावा, एका ओळीत मराठी, इंग्रजी आणि मुलं घरी वापरतात तो कोकणी शब्द. तक्ता मुलांनाच भरू द्या.

नेट जाणार असं धरूनच तयारी करा

जून-जुलैत आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत रेंज अजून झाडावर चढल्यासारखी शोधावी लागते. टाळेबंदीच्या काळात डोंगरावर बसून अभ्यास करणारी आपली मुलं आपण पाहिली आहेत. तासाच्या वेळी नेट शोधत बसलात तर पस्तीस मिनिटांतली पंधरा तिथेच जातात आणि चाळीस मुलं हातातून सुटतात.

म्हणून जे लागेल ते आदल्या दिवशी उतरवून घ्या. फेटची सिम्युलेशन फाईल म्हणून डाऊनलोड होतात आणि नेट नसताना ब्राउझरमध्ये चालतात. जिओजेब्रा संगणकावर बसवून ठेवता येतं. किविक्स नावाचं मोफत ॲप आहे, त्यात मराठी विकिपीडिया अख्खा उतरवून घेता येतो. या सगळ्याचा एक पेनड्राइव्ह शाळेसाठी तयार करा, धड्यांच्या नावाने फोल्डर करा. पुढच्या वर्षी येणाऱ्या शिक्षकाला तो आयता मिळेल. आणि वीजच गेली तर? ॲमीटरचे आकडे तुमच्या वहीत लिहिलेले असू द्या. फळ्यावर परिपथ काढा, अंदाज घ्या, आकडे सांगा. प्रश्न चांगला असेल तर तास पडत नाही.

मोबाईल म्हणजे मापनयंत्र

फायफॉक्स हे ॲप जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालं. मोबाईलमधले सेन्सर वापरून ते वेळ, आवाज, त्वरण मोजतं. एकदा बसवलं की प्रयोगांना नेट लागत नाही. शिक्षकाचा एक आणि सहकाऱ्याचा एक असे दोन मोबाईल पुरतात.

ध्वनीच्या वेगाचा प्रयोग मी मैदानावर करतो, वर्गात प्रतिध्वनी घोळ करतो. दोन मोबाईल पाच मीटर अंतरावर ठेवायचे, दोन्हींवर ध्वनीने चालणारं स्टॉपवॉच सुरू करायचं. पहिल्या मोबाईलजवळच्या मुलाने टाळी वाजवायची: जवळचं घड्याळ लगेच सुरू होतं, दूरचं किंचित उशिरा. मग दुसऱ्या टोकाच्या मुलीने टाळी वाजवायची: तिच्या जवळचं लगेच थांबतं, दूरचं उशिरा. दोन वेळांमधला फरक म्हणजे आवाजाला दहा मीटर जायला लागलेला वेळ. आमच्याकडे तो साधारण ०.०२९ सेकंद येतो. १० भागिले ०.०२९, म्हणजे सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास. दहा वेळा करा, सरासरी काढा. पुस्तकातला आकडा आपल्या टाळीतून निघालेला पाहून मुलं पुन्हा पुन्हा मोजायला मागतात.

लंबकही असाच. एक मीटर दोरीच्या लंबकाला एका पूर्ण झोक्यासाठी दोन सेकंद लागतात. पंचवीस सेंटिमीटरला किती, हे आधी विचारा. बहुतेकजण अर्धा सेकंद सांगतात, येतो एक.

दूरच्या शाळेबरोबर पृथ्वी मोजा

इंटरनेटचं खरं बळ दुसऱ्या माणसाशी जोडून देण्यात आहे, आणि तेच आपण सगळ्यात कमी वापरतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने दोन ठिकाणच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला. आपल्याला यासाठी पणजी आणि नाशिक ही जोडी देवाने दिल्यासारखी आहे. पणजीचे अक्षांश सुमारे १५.५ अंश, नाशिकचे २० अंश, आणि दोन्हींचे रेखांश जवळजवळ सारखेच, ७३.८ अंशांच्या आसपास. म्हणजे दोन्हीकडे मध्यान्ह एकाच मिनिटाच्या आगेमागे होते.

नाशिककडचा एखादा विज्ञान शिक्षक शोधा, ओळखीतून एक फोन केला तरी मिळतो. दिवस डिसेंबरचा धरा. सप्टेंबरच्या विषुवदिनाला आपल्याकडे अजून ढग असतात, आणि पणजीत सूर्य डोक्यावर येतो तो मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दहाच्या आसपास, तेव्हा एकदा सुट्टी आणि एकदा पाऊस. बरोबर एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची, खाली सपाट जागेवर पांढरा कागद. बारा वाजून पंधरा मिनिटांपासून दर तीन मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण. २२ डिसेंबरला सगळ्यात आखूड सावली साधारण १२ वाजून ३३ मिनिटांनी पडते. “बाराला का नाही?” हा प्रश्न मुलं विचारतातच. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७३.८ वर, फरक ८.७ अंश, प्रत्येक अंशाला चार मिनिटं. हा हिशेब त्यांच्याकडूनच करवून घ्या. उरलेल्या मिनिट-दोन मिनिटांच्या फरकामागे पृथ्वीच्या कक्षेचा आकार आणि अक्षाचा कल आहे, ते दहावीला सांगा.

त्या दिवशी पणजीजवळ सावली सुमारे ८१ सेंटिमीटर असते, नाशिकला सुमारे ९५. दहावीची मुलं स्पर्शिका (टॅन) गुणोत्तराने कोन काढतात, आठवीची मुलं प्रमाणात आकृती काढून कोनमापकाने मोजतात. फरक ४.५ अंश, म्हणजे पृथ्वीच्या ३६० अंशांच्या वर्तुळातला तेवढा तुकडा. गुगल अर्थच्या फूटपट्टीने दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर मोजलं तर ते ५०० किलोमीटरच्या आसपास निघतं. रस्त्याचं अंतर घेऊ नका, ही चूक हमखास होते. ५०० गुणिले ३६० भागिले ४.५, उत्तर ४०,००० किलोमीटर.

तुमचं उत्तर इतकं नेटकं येणार नाही. सावली एका सेंटिमीटरने चुकली तर कोन साधारण एक तृतीयांश अंशाने चुकतो, आणि ४.५ मध्ये तेवढी चूक म्हणजे सात-आठ टक्के. चुकीचं उत्तर पुसू नका. दोन्ही वर्गांना व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बसवा आणि चूक कुणाच्या काठीत, कुणाच्या कागदाच्या उतारात, हे त्यांना शोधू द्या.

आलेलं फॉरवर्ड तपासायला शिकवा

दरवर्षी दिवाळीला नासाने टिपलेला म्हणून भारताचा एक रंगीबेरंगी फोटो मोबाईलवर फिरतो. ते दिवाळीच्या रात्रीचं दृश्य नाही. अमेरिकेच्या नोआ या संस्थेने वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रह प्रतिमा एकत्र करून २००३ मध्ये ते चित्र बनवलं, आणि रंग दिवे कोणत्या काळात वाढले ते दाखवतात. हा फोटो वर्गात आणा, उलटा चित्रशोध, म्हणजे फोटोवरूनच तो आधी कुठे आला होता ते शोधणं, कसा करायचा ते दाखवा, मूळ स्रोत मुलांना गाठू द्या. चॅटबॉटच्या उत्तरांनाही हीच कसोटी. त्याने सोडवलेलं गणित मुलांना द्या, एकक तपासा, उत्तर परत समीकरणात घालून बघा, चुकीची ओळ सापडली तर लाल पेनाने खूण करा.

मुलांची नावं कुठेही भरू नका

लॉगिन मागणाऱ्या साईट पहिल्या वर्षी टाळाच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. वर्गाचे फोटो टाकण्याआधीही हेडमास्तरांना आणि पालकांना विचारा.

आपल्या नदीचा तक्ता

पहिला मोठा उपक्रम कोणता घ्यायचा असं विचाराल तर मी भरती-ओहोटी सांगेन. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या संकेतस्थळावर मुरगाव बंदरासाठी भरतीच्या वेळा आणि पाण्याची उंची यांचे अंदाज मिळतात. पंधरा दिवसांचे आकडे उतरवून घ्या, मुलांना आलेखाच्या कागदावर बिंदू मांडायला द्या. हाताने, संगणकावर नाही. दिवसातून दोनदा चढणारी-उतरणारी नागमोडी रेषा तयार होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास लाटा उंच, अष्टमीच्या आसपास बुटक्या. खाजन जमीन, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेली सखल शेतजमीन, असलेल्या घरातली मुलं इथे बोलायला लागतात, कारण उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द त्यांच्या घरात रोजचे असतात, आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेची, दारं पाण्याच्या दाबाने आपोआप कशी उघडमिट करतात हे त्यांनी पाहिलेलं असतं. दाबाचा धडा तिथूनच सुरू करा.

गेल्या वर्षी नदीकाठच्या गावातून येणारी एक मुलगी तक्ता घेऊन माझ्याकडे आली. एका तारखेसमोर भरतीची एकच वेळ होती, तिला वाटलं वेबसाईट चुकली. मी काही न सांगता तिला बसवून वेळा लिहायला लावल्या. आदल्या रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी भरती. तिथून बारा तास पंचवीस मिनिटांनी, म्हणजे दुपारी १२ वाजून १५ मिनिटांनी पुढची. त्यानंतरची रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, “सर, ती भरती दुसऱ्या तारखेत गेली.” मग घरी जाऊन आजोबांना विचारते म्हणाली, की एका दिवसात एकच भरती येते हे त्यांना माहीत आहे का.

दुसऱ्या दिवशी ती सांगत आली. आजोबांना माहीत होतं.